कपाटरावांच्या मेंदूचा बंदोबस्त

पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची फाइल कुठे आहे हे आठवायला कपाटरावांना एकवीस मिनिटं लागली, आणि त्या एकवीस मिनिटांत साहेबांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाटरावांना वाटलं, साहेबांना जेवायला जायचं असेल. दुसऱ्यांदा मात्र साहेबांची नजर घड्याळावरून उठली ती थेट कपाटरावांच्या डोक्यावर येऊन बसली आणि तिथे जरा रेंगाळली. बंद पडलेल्या पंख्याकडे माणूस बघतो ना, तशी.

कपाटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकावर आहे आणि तिथे ते सुखात आहे. सव्वीस वर्षं ते कार्यालयाच्या अभिलेखकक्षात, म्हणजे जुन्या फायली ठेवायच्या खोलीत, बसत आले होते. खोलीत एकोणीस कपाटं होती आणि विसावे ते. फायली क्रमांकाने लावाव्यात असा एक नियम आहे; कपाटरावांनी तो नियम व्यवस्थित फायलीत लावून ठेवला होता. त्यांची पद्धत वेगळी होती. ज्याचा ज्याच्याशी संबंध, ते त्याच्या शेजारी. लिफ्ट बंद पडल्याच्या तक्रारी जिन्याच्या कठड्याच्या फायलीला लागून, कारण लिफ्ट बंद पडली की माणूस कठडा धरतो. छत गळण्याची प्रकरणं आजारपणाच्या रजांशेजारी. उशिरा येण्याबद्दलच्या नोटिसा घड्याळदुरुस्तीच्या फायलीत. ही पद्धत जगात एकाच माणसाला कळत होती, त्यामुळे जगात निदान एका खोलीपुरता तो माणूस अत्यावश्यक होता. साहेबांनी फाइल मागावी, कपाटरावांनी डोळे मिटावेत आणि अर्ध्या मिनिटात फाइल टेबलावर यावी, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. कार्यालयात नवीन आलेल्यांना आधी स्वच्छतागृह दाखवत आणि मग हा प्रयोग.

अशा माणसाला एकवीस मिनिटं लागली.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीच्या आवाजात बोलले. दोन महिन्यांनी, अठरा तारखेला, तपासणी समिती येणार होती. समिती कुठल्याही दहा फायली मागणार. त्या झटपट मिळाल्या नाहीत तर सगळे अभिलेख शहराबाहेरच्या मध्यवर्ती गोदामात जातील आणि कपाटरावांना आवक-जावकच्या टेबलावर बसावं लागेल.

"तिथे काही लक्षात ठेवावं लागत नाही," साहेब म्हणाले, "फक्त शिक्का मारायचा."

आवक-जावकला आधीच एक बाई होत्या. त्यांना सगळे जावकबाई म्हणत. त्या शिक्का मारता मारता बोलत आणि बोलता बोलता शिक्का मारत, आणि दोन्हींचा ठेका एकच असे. त्यांच्यासमोर नोकरीची उरलेली सहा वर्षं काढायची, ही कल्पनाच कपाटरावांना पेलेना.

घरी त्यांनी जेवताना हे सगळं बायकोला सांगितलं. बायकोने सव्वीस वर्षं आमटीभाताबरोबर फायली ऐकल्या होत्या, तिला नवल वाटलं नाही. "अहो, सव्वीस वर्षांत एकदा विसरलात," ती म्हणाली. "मी परवा ताईला फोन लावला आणि तिने उचलल्यावर तिलाच विचारलं, कोण बोलतंय म्हणून. त्याची मी कुठे समिती नेमली?"

पण कपाटरावांचं समाधान झालं नाही. मेंदू हे त्यांचं एकमेव अवजार होतं. सुताराची करवत बोथट झाली तर सुतार हसण्यावारी नेत नाही.

पुढच्याच आठवड्यात बायकोची दाढ दुखायला लागली आणि दाताच्या दवाखान्यात ताटकळताना कपाटरावांच्या हाती एक जुनं मासिक लागलं. त्यात लेख होता: वाहनांच्या धुरातले सूक्ष्म कण श्वासावाटे आत जातात, मेंदूपर्यंत पोचतात आणि पेशींना इजा करतात. कपाटरावांनी मासिक खाली ठेवलं. अभिलेखकक्षाला एकच मोठी खिडकी होती, खिडकी क्रमांक तीन. तिच्यालगत त्यांचं टेबल. खिडकीखाली बसथांबा. बस येई, इंजिन चालू ठेवून पाच-सात मिनिटं गुरगुरत उभी राही, आणि खिडकीची दोन दारं एकमेकांना नीट मिळत नसल्यामुळे सगळी खिडकी खडखडखडखड वाजे. मधल्या बोटभर फटीतून धूर आत. सव्वीस वर्षं. दिवसाला चाळीस बस. गुणाकार करायचा त्यांनी प्रयत्न केला, तो जमेना, आणि मग तर त्यांची खात्रीच पटली.

लेखाचा पुढचा भाग दिलासा देणारा होता. काही जीवनसत्त्वं या कणांचा प्रताप थोपवायला मदत करतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. ती अमुक फळांत आणि तमुक भाज्यांत असतात. ती रोज किती घ्यावीत हे ज्या पानावर होतं ते पान कुणीतरी फाडून नेलं होतं. कपाटरावांना त्या अज्ञात इसमाचा हेवा वाटला. त्याचा मेंदू आज कुठल्या कुठे पोचला असेल.

फाटलेल्या पानाची भरपाई करायला शेजारचे सर होते. सर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण रसायनशास्त्र त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. कुणी नुसतं "चहात साखर कमी आहे" म्हटलं तरी ते द्रावणापासून सुरुवात करत. कपाटरावांनी तोंड उघडायचा अवकाश, सरांनी दिवाणखान्यातल्या खुर्च्या ओढून रांगेत मांडल्या.

"समजा, ही सभा," सर म्हणाले. "सगळे आपापल्या खुर्चीत. धुराबरोबर एक असामी आत येते, तिला खुर्ची नाही. ती काय करते? शेजारच्याला ढकलून त्याची बळकावते. आता तो उभा. तो पुढच्याला ढकलतो. पुढचा त्याच्या पुढच्याला. ही सभा म्हणजे तुमची मेंदूतली पेशी, कपाटराव."

"आणि जीवनसत्त्व?"

"जीवनसत्त्व म्हणजे आपण होऊन उठणारा सज्जन. घ्या, माझी खुर्ची घ्या म्हणणारा. की धुमाकूळ थांबला."

कपाटरावांनी सव्वीस वर्षांत कार्यालयात आपण होऊन खुर्ची सोडणारा एकही माणूस पाहिला नव्हता. तिथे जीवनसत्त्वांचा किती भयंकर तुटवडा आहे हे त्यांना तत्काळ उमगलं.

औषधाच्या दुकानात त्यांनी "मेंदूसाठी दोन महिन्यांचे सज्जन" अशा अर्थाचं काहीतरी मागितलं. दुकानदाराने सहानुभूतीने बघून डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. चिठ्ठीचं नाव काढताच सर म्हणाले, गोळ्यांच्या नादी लागूच नका; निसर्गात काय कमी आहे? गाजर घ्या, लिंबू घ्या, पालक, बदाम, सूर्यफुलाच्या बिया. प्रमाणाबद्दल विचारलं तेव्हा सरांनी हात पसरून असा काही आकार दाखवला की तो एका जेवणाचा की एका हंगामाचा, हे कळायला मार्ग नव्हता. कपाटरावांनी सुरक्षित बाजूला राहायचं ठरवलं आणि मोठा आकार धरला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरात गाजरयुग सुरू झालं. सकाळी मोठा पेला रस, दुपारच्या डब्यात किसलेलं गाजर, कार्यालयात बाटलीतून आणखी रस, संध्याकाळी उकडलेलं. पालक आणि लिंबू मधूनमधून पाहुण्यासारखे येत. बायकोने आठवडाभर किसलं, मग किसणी नवऱ्याच्या हाती दिली आणि सांगितलं की तुमचा मेंदू, तुमचं मनगट. मिक्सरच्या आवाजाने सकाळी सहाला वरच्या मजल्यावरचे लोक उठू लागले आणि त्यांतला एकजण तर यामुळे आपलं व्यायामाचं नियमित झालं म्हणून आभार मानून गेला.

प्रगती मोजायला हवी, असं सरांचं मत पडलं. रोज संध्याकाळी जिन्यात गाठून ते कपाटरावांची स्मरणशक्ती तपासत. प्रश्न एकच: काल रात्री जेवायला काय होतं? कपाटराव न अडखळता सांगत, गाजर. महिनाभरात एकदाही उत्तर चुकलं नाही. सर वहीत टिंब करून म्हणत, सुधारणा लक्षणीय आहे.

पण सज्जन आत पाठवत राहायचं आणि दार सताड उघडं ठेवायचं, यात काय अर्थ? धुराचाच बंदोबस्त करायला हवा होता. म्हणून कपाटरावांनी अर्ज केला. विषय: खिडकी क्रमांक तीनलगतचे टेबल बारा फूट आत हलविणेबाबत. अर्जात त्यांनी लिहिलं की अर्जदाराच्या मेंदूतील पेशी या गेली सव्वीस वर्षे कार्यालयाच्या अनुक्रमणिकेचे काम करीत असल्याने त्यांचे जतन करणे ही कार्यालयाची जबाबदारी आहे. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, टेबल काय, दोघं मिळून उचला आणि सरकवा. कपाटरावांनी अर्जाची घडी घातली. बाहेरच्या माणसांना सरकारी टेबलाचं वजन कळत नाही.

जावकबाईंनी अर्जावर शिक्का मारला, नोंदवहीत नोंद केली आणि तेवढ्या वेळात आपल्या नणंदेच्या डोकेदुखीचा पूर्ण इतिहास सांगितला. अर्ज फर्निचर शाखेकडे गेला. फर्निचर शाखेने कळवलं की नोंदीनुसार हे टेबल खिडकी क्रमांक तीनचे असून खिडकीशिवाय ते हलवता येणार नाही. खिडकी हलवायची असल्यास इमारत शाखेकडे अर्ज करावा. इमारत शाखेने धूर असल्याचा दाखला मागितला. दाखला देणारा कक्ष त्याच मजल्यावर होता, पण तिथलं धूर मोजायचं यंत्र आत धूर गेल्यामुळे दुरुस्तीला पाठवलेलं होतं. कपाटराव त्यांना म्हणाले, माझ्या खोलीत या आणि नुसता श्वास घ्या. त्यांनी उत्तर दिलं, श्वासाला मोजपट्टी नसते.

तीन आठवड्यांनी अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचला. समिती तोंडावर आलेली. अशा वेळी धुराबिराचं लचांड साहेबांना नको होतं. त्यांनी समासात तीन शब्द लिहिले: दप्तरी दाखल करावे. ज्यांना कार्यालयीन भाषा येत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, हा विषय आता संपला, कागद फायलीत टाकून द्या. आणि कागद फायलीत टाकणारा माणूस कार्यालयात एकच होता. शिपायाने दुपारी अर्ज आणून त्याच्या जन्मदात्याच्या हाती ठेवला आणि म्हणाला, "घ्या, तुमचं तुम्हालाच."

आपल्याच अर्जाला आपल्याच हाताने मूठमाती द्यायची! कपाटरावांच्या मनाला ते फार लागलं. त्याच वेळी खाली बस येऊन उभी राहिली, खिडकी खडखडू लागली, बाटलीतला रस टेबलावर सांडला, आणि बायकोचा फोन आला की येताना गाजरं आणू नका, घरात पाय ठेवायला जागा नाही. या धांदलीत त्यांनी अर्जाचं काय केलं हे संध्याकाळी त्यांना आठवेना. फार शोधलंही नाही. मेलेल्या अर्जाचा पत्ता कोण विचारतो? उलट त्या दिवसापासून त्यांना कार्यालयात कसं शांत शांत वाटू लागलं. बसच्या गोंगाटाचा पूर्वीसारखा त्रास होईना. याचं श्रेय त्यांनी गाजराला दिलं आणि आणखी एक पेला वाढवला.

मग त्यांचे तळवे पिवळे झाले.

आधी पिवळे, मग चांगले केशरी. फाइल उघडून समोर धरली की कागदामागून दोन गाजरं डोकावल्यासारखी बोटं दिसत. जावकबाईंनी कावीळ जाहीर केली. त्यांच्या तोंडून जाहीर झालेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत सर्व शाखांत पोचत असे, तीही शिक्क्यासह. लोकांनी कपाटरावांचा चहाचा कप वेगळा केला. शिपाई फायली लांबूनच ठेवू लागला. साहेब एकदा दारापर्यंत आले, तळवे पाहिले आणि उंबऱ्यातूनच "विश्रांती घ्या" म्हणून परत फिरले. या आवाजात कपाटरावांना मध्यवर्ती गोदाम स्पष्ट ऐकू आलं.

बायकोने त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून डोळे पाहिले. डोळे पांढरे स्वच्छ. मग त्यांनी खुर्चीत मागे रेलून विचारलं, "रोज किती गाजरं?"

"मोजलेली नाहीत," कपाटराव म्हणाले.

"मी मोजलीत," बायको म्हणाली. "सतरा."

डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. मग तोंड पुसून त्यांनी सांगितलं की ही कावीळ नाही, हा गाजराचा रंग आहे. कमी केलंत की काही आठवड्यांत उतरेल. जीवनसत्त्वं चांगलीच, पण ती रोजच्या साध्या जेवणातून मिळतात, आणि पिंपभर प्यायल्याने मेंदूला पिंपभर फायदा होत नाही. धूर टाळता येत असेल तर आधी तो टाळा. आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी एक फाइल एकवीस मिनिटांत आठवणं याला आजार म्हणत नाहीत. त्यांना स्वतःला सकाळपासून आपल्या गाडीची किल्ली सापडलेली नव्हती.

 परतताना बायको भाजीवाल्याच्या गाडीपाशी थांबली, त्याने सवयीने गाजरं उचलली, आणि तिने म्हटलं, "भेंडी." कपाटरावांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं.

अठरा तारीख उजाडली. समितीत एक चष्म्यातल्या मॅडम आणि नुसतं लिहून घेणारे दोन गृहस्थ होते. कपाटरावांनी त्यांच्यासमोर हात खिशात ठेवले होते, ते उद्धटपणा वाटू नये म्हणून चेहरा शक्य तेवढा नम्र केला होता. मॅडमनी पहिली फाइल मागितली. त्यांनी डोळे मिटले, अर्ध्या मिनिटात फाइल हजर. दुसरी, पंचवीस सेकंद. पाण्याच्या टाकीची मागितली तेव्हा साहेब एक पाऊल पुढे आले. कपाटरावांनी ती डोळे न मिटता काढली. नऊ फायली झाल्या. लिहिणारे गृहस्थ लिहायचं विसरून बघत होते. साहेब आता असे उभे होते की ही पद्धत त्यांनीच बसवली असावी.

मॅडमनी आवकची नोंदवही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"टेबल हलवण्याबाबत धुराची एक तक्रार आलेली दिसतेय. पुढे दप्तरी दाखल. तेवढी दाखवा, म्हणजे झालं."

कपाटरावांनी डोळे मिटले. आत काळोख. धुराच्या फायलीजवळ? धुराची फाइलच नव्हती. टेबलांच्या? खुर्च्यांच्या? त्यांनी कपाट चार उघडलं, नऊ उघडलं, अकरा उघडलं. दोन मिनिटं झाली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दारात जावकबाई येऊन उभ्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प होत्या, आणि ती शांतता शिक्क्याच्या ठेक्यापेक्षा भयंकर होती. तीन मिनिटं. कपाटरावांनी खिशातून हात काढून कपाळावरचा घाम पुसला. मॅडम तळव्याकडे बघत राहिल्या. चार मिनिटं. साहेबांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं आणि मग त्यांची नजर निघाली, ती कुठे येऊन बसणार हे कपाटरावांना ठाऊक होतं.

खाली बस येऊन थांबली. इंजिन गुरगुरू लागलं. टेबलावरचे कप बशांत थरथरले, मॅडमचं पेन घरंगळलं, कपाटांची कड्याकुलपं किणकिणली. खोलीतली हरेक वस्तू वाजत होती.

खिडकी वाजत नव्हती.

कपाटराव खिडकीकडे बघत राहिले. सव्वीस वर्षं बस आली की खडखडणारी ही खिडकी. ही गप्प का? आणि हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? की आपण गाजराला... ते हळूच पुढे झाले. दोन दारांच्या मधल्या फटीत काहीतरी घट्ट बसलं होतं. त्यांनी केशरी चिमटीत धरून ते ओढलं. खिडकीने तत्काळ जुना ठेका धरला: खडखडखडखड.

चार घड्या घातलेला कागद होता. त्यांनी तो उलगडून मॅडमसमोर ठेवला. आतल्या घड्या पांढऱ्याशुभ्र, अक्षर मोत्यासारखं, समासात साहेबांची सही. बाहेरच्या घडीवर मात्र काजळी. काही आठवड्यांत जमलेली काळी चकचकीत पुटं. मॅडमनी त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट बराच वेळ उजेडात धरलं.

"दप्तरी दाखल म्हणजे खिडकीत?" त्यांनी विचारलं.

कपाटरावांनी हात मागे बांधले. "मॅडम, विषय धुराचा होता," ते म्हणाले. "इथे विषयवार लावायची पद्धत आहे. धुरापाशी ठेवला."

 लिहिणाऱ्यांपैकी एकाला खोकला आला. तो धुराचा की हसण्याचा, हे सांगणं कठीण होतं.

"आणि धुराचा दाखला? जोडलेला नाही?"

कपाटरावांनी कागद उलटून काळी बाजू वर केली.

मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि गृहस्थांना सांगितलं, "लिहा. अभिलेख विषयवार व चोख ठेवलेले आढळले. धुराबाबत सज्जड पुरावा उपलब्ध. खिडकी क्रमांक तीनखालचा बसथांबा त्वरित पुढे सरकवण्याची शिफारस." मग त्या जायला उठल्या आणि जाता जाता आपली खुर्ची कपाटरावांकडे सरकवून म्हणाल्या, "बसा आता, किती वेळ उभे आहात." कपाटराव त्या खुर्चीकडे पाहतच राहिले. सरांना हे सांगायलाच हवं होतं.

अभिलेखकक्ष जागेवर राहिला. कपाटरावही. त्या संध्याकाळी घरी जेवायला पालेभाजी होती आणि बायकोने ती कौतुकाने नेहमीपेक्षा जास्त वाढली. जिन्यात सरांनी, काल काय जेवलात, म्हणून विचारलं तेव्हा कपाटरावांना काही केल्या आठवेना. सरांनी खेदाने वहीत फुली मारली. कपाटरावांना मात्र इतकं हलकं वाटलं की ते जिना शीळ घालत चढले.

बसथांबा पंधरा दिवसांत हलला, हा त्या कार्यालयाच्या इतिहासातला चमत्कारच म्हणायचा. बरोबर तीस पावलं पुढे गेला. खिडकी क्रमांक तीन कायमची गप्प झाली. कपाटरावांचे तळवे हळूहळू माणसासारखे दिसू लागले, चहाचा कप पुन्हा सगळ्यांच्यात आला, आणि जावकबाई सांगू लागल्या की कावीळ नाही हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते.

दीड-दोन महिन्यांनी एका दुपारी साहेबांनी कपाटरावांना बोलावलं. साहेबांची खोली अभिलेखकक्षापासून तीस पावलं पुढे होती. खाली बस उभी होती आणि साहेबांची मोठी काचेची खिडकी खडखडत होती. टेबलावर फायलींच्या आड एक बाटली दिसत होती, ओळखीच्या रंगाची. साहेबांनी कपाटरावांना दार लावून घ्यायला सांगितलं. ते लागल्याची खात्री केली. मग आवाज खाली आणून, उजवा तळवा टेबलाच्या कडेवरून जरासा पुढे केला.

"कपाटराव," साहेब म्हणाले, "तुम्ही... रोज साधारण किती घेत होतात?"